शेपटाकडची हवा

दिवाळीची गडबड ओसरली की आमच्या कोल्हापूरच्या हवेला वास येतो. मळीचा वास. गोडसर, आंबूस, एकदा नाकात शिरला की दिवसभर तिथंच मुक्काम ठोकणारा. बाहेरगावची माणसं रुमाल काढतात. आम्ही नुसतं म्हणतो, "कारखाने पेटले." मग रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, एकीला जोडून दुसरी, वर उसाचा डोंगर आणि पुढं ट्रॅक्टरवर कर्कश गाणी. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायला लागते. कुठल्याशा रानात पाचट पेटवलेलं असतं, त्याच्या जळक्या पात्या वाऱ्यावर तरंगत शहरात येतात.

आज सकाळी दुकान उघडलं, तर अशीच एक काळी पाती काउंटरच्या काचेवर पडली होती. बोट लावलं तर तिचा भुगा झाला. माझं चष्म्यांचं दुकान आहे, राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. काचेवर डाग दिसला की मला चैन पडत नाही, हातातलं काम टाकून पुसते. आज पुसला नाही. तशीच बघत उभी राहिले आणि मनात आलं, पुन्हा हंगाम आला आणि भारतीचा वॉल अजून तसाच आहे.

असं एकदम सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही. माझ्या घरच्यांनाही कळत नाही. गेले काही दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही, हे मात्र सगळ्यांना कळलंय. दूध दोनदा उतू गेलं. एका गिऱ्हाइकाला त्याच्या बायकोची फ्रेम दिली आणि तो भला माणूस ती लावून आरशात बघत "बरी दिसतीया की" म्हणत राहिला. नवऱ्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "खेळाची नवी आवृत्ती आलीय." तो पेपरात तोंड घालून बसला. माझ्या वयाच्या बाईनं असल्या कारणानं बेचैन व्हावं, हे त्याला पटत नाही. मलाही पटत नाही, पण त्याला इलाज नाही.

खेळ असा. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी म्हणतं, मी दार उघडतो. मग फासा टाकायचा; दार उघडलं की नाही ते फासा ठरवणार. ना पट, ना सोंगट्या. आमच्या गोष्टीतली माणसं एका जुनाट मालवाहू जहाजावर राहायची, आणि ते जहाज समुद्रात नव्हतं, अंतराळात होतं. खेळाचं मूळ इंग्रजी नाव लांबलचक आणि भारदस्त आहे. आम्ही नुसतं 'जहाज' म्हणायचो. "ताई, या रविवारी जहाज हाय का?" "आहे की." सासूबाईंना कितीतरी दिवस वाटत होतं की मी भिशीला जाते.

जुन्या पुस्तकात त्या जहाजावरची हवा मोजावी लागायची. कोणत्या खोलीत किती, कुणाला किती पुरेल, गळती किती. जगभरचे खेळणारे या मोजणीला कंटाळले होते म्हणे. म्हणून नव्या आवृत्तीत एका ओळीत निकाल लावलाय: हवा आहे, असं धरून चाला. झालं. त्या एका ओळीवर जगभर जो गदारोळ उठलाय, तो मी मोबाइलवर, खेळणाऱ्यांच्या मंचावर, बघत असते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंग बदलत "हे बरं की हे?" विचारायचं आणि त्याचं "आधीचं बरं हुतं, न्हाय न्हाय, हेच बरं" चालू असताना खाली ड्रॉवरमध्ये हळूच स्क्रीन सरकवायची. तिथंही तेच चाललेलं असतं. आधीचं बरं होतं. नाही, हेच बरं. कुणी परदेशातला बाप्या लिहितो, आता कुठं खेळ सुटसुटीत झाला. कुणी लिहितो, जुनं पुस्तक मी पेटीत कुलूप घालून ठेवणार. एक बाई लिहिते, हवा मोजायची नसेल तर मी माझ्या दिवाणखान्यातच बसलेली बरी. मी हसते आणि गिऱ्हाईक दचकतं.

आमच्या चौघांच्या ग्रुपवरही रणधुमाळी आहे. चौघांच्या म्हणजे, बोलणाऱ्या तिघांच्या.

पहिला सचिन. हुपरीचा, घरात पैंजण घडवण्याचा व्यवसाय. तो नव्या पुस्तकावर खूश. "घरात दिवसभर वजन-माप करायचं, आन् जहाजावर बी त्येच? बरं झालं की ते मोजायचं ग्येलं. उडवा जहाज, बास." दुसरे कांबळे सर. शाळेत विज्ञान शिकवतात, चंदगडच्या बाजूला नोकरी, जिथं पाऊस आभाळातून न पडता भिंतींतून येतो असं ते म्हणतात. ते भडकलेले. "हवा आहे असं धरून चाला म्हणजे काय? अंतराळात चाललाय का रंकाळ्यावर भेळ खायला चाललाय? उद्या म्हणतील गुरुत्वाकर्षण आहे असं धरून चाला!" सचिननं लिहिलं, "सर, त्ये तर हायच की." त्यावर सरांनी एवढा मोठा मजकूर टाकला की मला वाचायला चष्मा बदलावा लागला.

तिसरी मी. चौथी भारती. ती काहीच बोलत नाही. दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तिनं वाचलंय. पुढं काही नाही.

आणि आता सचिन आणि सर एवढं भांडूनसुद्धा एका गोष्टीवर एक झालेत. येत्या रविवारी नवं पुस्तक उघडायचं, नवी माणसं, नवं जहाज. जुनं जहाज मिटवून टाकायचं. सरांनी लिहिलं, "किती दिवस ते तसं अधांतरी ठेवायचं?" मी अंगठा पाठवला आणि तेव्हापासून तो अंगठा मलाच टोचतोय. कारण त्या जहाजावर भारतीची पाळी अजून बाकी आहे.

ही तिघं माझ्याकडं गिऱ्हाईक म्हणूनच आली होती. सर दोन भिंगांचा चष्मा करायला आले आणि तक्रारी सांगत बसले. सचिन वडिलांचा चष्मा घ्यायला आला. चांदीच्या डागकामानं त्यांचे डोळे सारखे चुरचुरायचे. भारती कॉलेजात होती तेव्हा, शिरोळकडची, शहरात खोली करून राहिलेली. तिच्या फ्रेमची काडी मोडली होती आणि तिनं ती दोऱ्यानं बांधली होती. काउंटरच्या खालच्या कप्प्यात माझं ते पुस्तक असायचं. माझ्या मावसभावानं पुण्याच्या हॉस्टेलात कुणाचं तरी झेरॉक्स करून, स्पायरल घालून मला दिलेलं. ते एकेकानं उचलून बघितलं, विचारलं, आणि अडकला. तो गळीत हंगाम आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत काढला. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, त्याच्याखाली आमचं अंतराळ. भारती जयसिंगपूरचा भडंग घेऊन यायची. पुस्तकाच्या कडांना त्याचं तेल लागलेलं आहे, अजून वास घेतला तर लसूण येतो.

फासा चांगला मिळेना, म्हणून सचिननं घरीच चांदीचा करून आणला. पण त्याच्या हाताला सवय घुंगरांची. पोकळ ठेवायचं, आत गोळी घालायची, वरून डाग द्यायचा. तसाच फासा केला. टाकला की खुळखुळायचा. सर म्हणाले, "अरे, हा फासा आहे की तोडा?" सचिन कानापर्यंत लाल झाला. पण तो आवाज आम्हाला असा काही आवडला की जहाजाचं नावच 'पैंजण' पडलं. अंतराळात आवाज जात नाही हे सरांनी दोन-तीनदा सांगून बघितलं.

सर कॅप्टन झाले, हे सांगायला नको. सचिन चालक. आणि भारती मिस्त्री. इंजिनापाशी, जहाजाच्या अगदी शेपटाला, तेलकट फडकं कमरेला खोचून. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं.

आमच्या झेरॉक्समध्ये एक मेख होती. 'हवेचं वाटप' असं एका पानाच्या तळाला ठसठशीत छापलेलं, आणि पान उलटावं तर एकदम हत्यारांचा तक्ता. मधलं पान नाहीच. झेरॉक्स करणाऱ्याच्या हातून दोन पानं चिकटून गेली असणार. नियम आहे एवढं कळत होतं, काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. हवा कमी पडायची वेळ आली तसा खेळ अडला.

"कॅप्टनला पहिली," सर म्हणाले. "शिस्त म्हणून काही असतं."

"सगळ्यास्नी सारखी वाटा की," सचिन म्हणाला.

भारती भडंगातले शेंगदाणे निवडून खात होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्यात शेपटापास्नं देत्यात."

"काय?"

"पाणी ओ. संस्थेचं पाणी. पाटाच्या शेपटाला ज्याचं रान, त्याची पाळी पयली. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. तोंडापाशी ज्याचं रान हाय, त्यो शेवटाला."

सर हसले. "हे उलटंच की. ज्याच्या दारात पाणी, त्यानं बघत बसायचं?"

"व्हय. बघतच बसायचं. आन् त्यो बघत बसलाय म्हणूनच पाट फुटत न्हाय. त्याची पाळी मागनं हाय न्हवं? शेपटाचं लवकर भिजावं म्हणून त्यो सोता खोरं घिऊन पाट राखत हिंडतोय. तोंडापास्नं सुरू केलं, तर शेपटापतुर काय सुदिक जात न्हाय." मग चष्मा वर सरकवून म्हणाली, "आमचं रान शेपटालाच हाय. मला म्हाईत हाय की."

सरांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि "बरं, बघू करून" म्हणाले. असा आमचा नियम ठरला. त्याला जोडून तिनं दुसराही सांगितला: पाळी ज्याची त्यानंच घ्यायची, दुसऱ्यानं कुणी तिला हात लावायचा नाही. पाळीवर भांडणं किती टोकाला जातात हे तिला ठाऊक होतं. मी दोन्ही नियम मान्य करून टाकले.

आणि मग त्या खोलीत जे झालं ते आठवलं की आजही माझं मन सैरभैर होतं. खिडकीतून ती काळी राख येत होती, कुठंतरी गुऱ्हाळ चालू असावं, काकवीचा वास येत होता, आणि आमचे कांबळे सर, कॅप्टन, आपली टोपी काढून शेपटाकडची हवेची नळी दुरुस्त करायला धावत होते. कारण शेपटाची हवा पुरी झाल्याशिवाय त्यांना मिळणार नव्हती! "भारती, तुझं कुठं गळतंय का बघ गं! भारती, मी येऊ का?" वर्गात पोरांना उभं करणारा माणूस. सचिन हसून टेबलाखाली गेला होता.

आमच्या जहाजावर कधी बंड झालं नाही. हे मला तेव्हा जरा खटकायचं. बाकीच्या जगात ज्याला विचारावं त्याच्या गोष्टीत बंड. आम्ही कॅप्टनला कोंडलं, आम्ही चालकाला बाहेर ढकललं, असल्या रंगतदार हकिगती मी वाचायची आणि वाटायचं, आपलंच जहाज मिळमिळीत. गोष्ट सांगणारीलाच जमत नाही बहुतेक. हे कोडं मला मागच्या आठवड्यात उलगडलं, आणि तिथूनच माझी झोप उडाली.

झालं असं, की नव्या आवृत्तीचा निषेध म्हणून कुणीतरी जुन्या पुस्तकातलं ते पान जसंच्या तसं टाकलं. आमचं हरवलेलं पान. मी एका आजींच्या डोळ्यांपुढं भिंग धरून उभी होते. तसंच धरून वाचलं. हवा आधी सुकाणूच्या खोलीला. मग पुढच्या खोल्यांना. उरली, तर शेपटाला. आणि खाली ढिगानं लोकांचे उमाळे: हाच तर खेळाचा जीव होता, याच्यामुळंच तर बंडं व्हायची, शेपटाची माणसं कुऱ्हाडी घेऊन पुढं यायची, ती मजा गेली! आजी म्हणाल्या, "बाई, दिसंना झालंय." मलाही दिसेनासं झालं होतं.

म्हणजे आम्ही खेळलो ते काय होतं? आम्हाला वाटत होतं, एक पान गेलंय, ते आपण आपल्या परीनं भरून काढलं. असेल मूळचं थोडंफार असंच. आणि ते तर नेमकं उलटं निघालं. जगभरचे खेळणारे एका जहाजावर होते आणि आम्ही राजारामपुरीत भलत्याच जहाजावर. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग भारतीची एवढी आठवण आली की दुकान बंद करून तडक निघावं असं वाटलं. पण त्या दिवशी गेले नाही.

सचिननं आपलं डोकं चालवून आमचा नियम त्या मंचावर इंग्रजीत लिहून टाकला. उत्तरं आली. एकानं लिहिलं, छान आहे, पण यात बंड कधी होणार? दुसऱ्यानं लिहिलं, हा नियम नव्हे, हे प्रवचन आहे. तिसऱ्यानं लिहिलं, हवाच मोजायची नाही म्हटल्यावर आता याचं काय करायचं? आणि एकानं, कोण कुठला देव जाणे, नुसता प्रश्न विचारला: तुमच्या जहाजावर शेपटाला कोण होतं?

सचिननं तो प्रश्न ग्रुपवर आणून ठेवला. मी खाली भारतीचं नाव लिहिलं. निळ्या खुणा उमटल्या.

शेवटची दुपार सांगते. माघ लागला असेल, हंगाम संपत आला होता. गोष्टीत एक फुटलेलं ठाणं होतं, तिथली माणसं आम्ही जहाजावर घेतली होती. पोरंबाळं, म्हातारी, बोचकी. जागा होती फक्त मालाच्या कोठारात, म्हणजे शेपटाला. मग गळती लागली आणि हवा उरली अर्ध्या जहाजापुरती. आमच्या नियमानं पहिली पाळी शेपटाची, आणि हवेच्या नळीचा वॉल सोडायचा तो मिस्त्रीनं. शेपटाला वॉल सोडला असता, तर पुढं सर आणि सचिन यांच्यापर्यंत हवा पोचेल की नाही ते फाशावर. पहिल्यांदाच आमचा नियम आमच्या जिवावर उठला होता. सर पुढं वाकून बसले होते. सचिनच्या हातातला भडंग हातातच होता. "भारती, तुझी पाळी," मी म्हटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून. तोडणीची टोळी रानात आली होती. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना सांगायला नको, टोळी आली म्हणजे सगळं सोडून पळायचं. नाहीतर ती दुसऱ्याच्या फडात जाते आणि तुमचा ऊस तुरे फुटून वाळत उभा राहतो. ती उठली, हेल्मेट उचललं. "थांबवा हितंच. तोड झाली की येतो ताई." आमच्याकडच्या बायका 'येते' कमी म्हणतात, 'येतो'च म्हणतात. जिन्यात तिच्या चपला वाजल्या. खालून गाणी लावलेली एक ट्रॉली चालली होती, खोलीची काच थरथरत होती. मी फासा तसाच टेबलावर ठेवला.

तोड झाली. पण त्याच उन्हाळ्यात तिचे वडील अंथरुणाला खिळले. कॉलेज सुटलं, रान तिच्याकडं आलं. नंतर एकदा पुरात घरात पाणी शिरलं, पुस्तकं भिजली, गोठा वाहून गेला. मी फोन करायची. ती दरवेळी हसून तेच म्हणायची, "तोड झाली की येतो." एक हंगाम गेला, दुसरा गेला. आम्ही तिघं अधूनमधून जमायचो, चहा प्यायचो, जहाजाचं नाव काढायचो नाही. पाळी तिची होती. तिच्या पाळीला हात लावायचा नाही हा नियमही तिचाच होता.

मी माणसांना रोज विचारते, हे बरं की हे? आणि माणसं खरोखर गोंधळतात. आधीच्या भिंगातून सगळं धूसर दिसत होतं, तरी ते सोडवत नाही. मला नवं पुस्तक नकोय असं नाही. सचिनचं खरंही असेल. पण त्या कोठारात ती पोरंबाळं बोचक्यांवर बसलेली आहेत आणि त्यांना हवा मिळाली की नाही हे ठरल्याशिवाय मी दुसऱ्या जहाजावर कशी चढू? हे मी काल नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती माणसं नाहीतच." मी म्हटलं, "मग मला रोज का दिसतात?" त्यानं पेपर खाली ठेवला. म्हणाला, "जा की मग शिरोळला."

आणि आज, काचेवरची ती काळी पाती बघून, मी गेले. उघडलेलं दुकान पुन्हा बंद केलं, पर्समध्ये फासा टाकला, स्कूटर काढली. वाटेत ट्रॉल्याच ट्रॉल्या. एकीच्या मागं अडकले तर ऊस डोक्यावर येतोय की काय असं वाटतं. सुटून पुढं जावं तर पुढं दुसरी. नाकात मळी, डोळ्यांत राख. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. शिरोळच्या अलीकडं घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ अजून तशीच आहे, माणसाच्या उंचीच्या वर. गावात विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "भारतीचं रान व्हय? जावा सरळ पाटाकडंनं, पावणं. पाट संपला की रान आलं."

पाट संपला तिथं ती उभी होती. डोक्याला टॉवेल, वर पुरुषी सदरा, पायात गमबूट. टोळी कामाला लागलेली, कोयत्यांचा आवाज चाललेला. चष्मा तोच, मीच केलेला; काडी पुन्हा दोऱ्यानं बांधलेली. मला बघून ओरडलीच.

"ताई! आगं बया! हिकडं कुठं?"

बांधावर बसलो. तिनं उसाचं कांडं सोलून हातात दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं. नवं पुस्तक, गदारोळ, सापडलेलं पान, मंचावरचा प्रश्न. ती उसाची चोयटी थुंकत ऐकत होती.

"वाचलं की मी सगळं," ती म्हणाली. "पर लिवायचं काय? हाताला चीक, फोनला बोट लागत न्हाय. आन् हवा मोजायची न्हाय म्हंजे काय ओ? मग भांडायचं कशावर?"

"रविवारी जुनं जहाज मिटवायचं म्हणतात. म्हणून आले. तुझी पाळी राहिलीय, भारती. त्या दिवशी तू उठलीस आणि वॉल तसाच राहिला."

तिनं माझ्याकडं बघितलं. ऊस चावायची थांबली. "कुठं ऱ्हायला? सोडला की मी."

"कधी?"

"तवाच. जिन्यात म्हटलं न्हवं मी, हेल्मेट घालत? 'सोडला वॉल शेपटाला, पुढचं तुमी बगा,' आसं. मोठ्यानं म्हटलं की." मग तिच्या ध्यानात आलं. "ती ट्रॉली चाललीती न्हवं खालनं. गाण्याची."

मी उसाचं कांडं खाली ठेवलं. "म्हणजे ती कोठारातली माणसं..."

"जित्ती हायती की! कवाची." ती एवढ्या सहज म्हणाली, जणू पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांची खुशाली सांगत होती. "नियम माझा, आन् मीच मोडू व्हय?" आणि मग माझा चेहरा बघून तिला हसू आवरेना. टॉवेलानं डोळे पुसत म्हणाली, "आन् तुमी काय एवढी वरसं श्वास धरून बसलायसा व्हय, ताई?"

मी हसले आणि तिथंच, टोळीतल्या बायांसमोर, रडले. कशासाठी ते मला सांगता येईल, पण लाज वाटते. ती पोरंबाळं इतकी वर्षं मजेत श्वास घेत होती आणि मी प्रत्येक हंगामात त्यांच्यासाठी कासावीस होत होते. आणि ही बया एवढ्या ओझ्याखाली होती, पण हिला त्या वॉलची काळजी कधीच नव्हती. तिनं तो सोडून टाकला होता आणि टोळीमागं गेली होती.

"मग आता पाळी कुणाची हाय?" तिनं विचारलं.

"सरांची. हवा पुढं पोचली की नाही, तो फासा सरांनी टाकायचा."

मी पर्समधून फासा काढला. तिनं तो चिकट हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, आत गोळी वाजली तशी मान डोलावली, पण टाकला नाही. मला परत दिला. पाळी तिची नव्हती. मी स्पीकरवर टाकून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वॉल सुटलाय, तेव्हाच सुटलाय, आता तुमचा फासा. सर बराच वेळ "म्हणजे? म्हणजे?" करत राहिले. मग गडबडीनं म्हणाले, "मग रविवारी दुकानात जमू. तिला म्हणावं, एवढा एक रविवार..."

भारतीनं माझ्या हातातून फोन घेतला. मागं कोयते चालूच होते, म्हणून ती मोठ्यानं बोलली, अगदी पाटाच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशी.

"सर, दुकानात न्हवं. मला रान सोडून यायला जमत न्हाय. नियम इसरलासा व्हय? शेपटापास्नं सुरू करायचं असतंय. तुमीच या हितं."

पलीकडनं एक खोल श्वास ऐकू आला. मग सरांनी विचारलं, "चंदगडवरनं शिरोळला थेट गाडी आहे का गं?"